झेंडी धरणाऱ्याचे रक्षण कोणी करावे?

दसरा-दिवाळी आटोपली, पावसाने खरवडून काढलेले रस्ते वाळले, म्हणजे विदर्भात रस्त्यांच्या डागडुजीचा हंगाम सुरू होतो. गिट्टीचे ढीग पडतात, डांबराचा धूर उठतो, अर्धा रस्ता दगड मांडून बंद केला जातो आणि उरलेल्या अर्ध्यातून दोन्ही बाजूंची वाहने आळीपाळीने सोडली जातात. ह्या कामासाठी रस्त्याच्या दोन्ही टोकांना एक-एक माणूस उभा असतो. नागपूरहून उमरेडला, तेथून पुढे भिवापूर, नागभीड वा चिमूरकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांनी हा माणूस पुष्कळदा पाहिला असेल. किंबहुना पाहूनही तो त्यांच्या लक्षात राहिला नसेल. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, अंगात धुळीच्या रंगाचा सदरा, पायांत रबरी चपला आणि हातात काठीला बांधलेले एक लाल फडके. कित्येकदा ते फडके उन्हापावसाने इतके विटलेले असते की त्याला लाल म्हणणे हा केवळ शिष्टाचार ठरावा. ह्या माणसाने हात वर केला की आपण थांबतो, हात खाली केला की आपण निघतो. आणि तो कोण, कोठला, कालपर्यंत काय करीत होता, ह्याचा विचार आपल्या मनाला शिवत नाही.

कालपर्यंत तो बहुधा घमेली उचलीत होता. आज सकाळी मुकादमाने त्याला बाजूला बोलावून हाती काठी दिली आणि "गाड्या थांबव" एवढेच सांगितले. एवढ्या एका वाक्यात त्याची नेमणूक झाली, शिक्षण झाले आणि कामाला आरंभही झाला! पण त्याच्यावर आलेली जबाबदारी पाहिली तर ती लहान नाही. समोरून येणारी भरलेली मालमोटार, तिच्यामागची प्रवाशांनी खच्चून भरलेली एस. टी., त्या दोहोंना ओलांडून पुढे घुसू पाहणारी मोटारसायकल, ह्या सर्वांचे प्राण काही क्षण त्याच्या इशाऱ्यावर अवलंबून असतात. तेवढ्यापुरता तो त्या रस्त्याचा अधिकारी असतो. मात्र अधिकाराचे एकही चिन्ह त्याच्या अंगावर नसते आणि संरक्षणाचे एकही साधन त्याच्यापाशी नसते. दुसऱ्यांना धोक्यापासून वाचविण्यासाठी आपण ज्याला सर्वांत पुढे उभे करतो, त्यालाच धोक्याच्या तोंडी उघडा सोडतो, ह्या विसंगतीकडे आम्ही आज वाचकांचे आणि शासनाचे लक्ष वेधू इच्छितो.

ह्या प्रश्नासाठी उमरेडचेच उदाहरण घेण्यास एक विशेष कारण आहे. ह्या तालुक्याच्या गावी, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या तीन ठिकाणी, इशारा देण्याच्या कामाला आपला समाज तीन निरनिराळ्या किमती देतो. त्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे वेगळ्या युक्तिवादाची फारशी गरज उरत नाही.

पहिले ठिकाण कोळशाच्या खाणीचे. उमरेड, मकरधोकडा, गोकुळ ह्या खुल्या खाणींमुळे ह्या भागाचे नाव कोळशाच्या नकाशावर आले. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि पायांत संरक्षक बूट हवेत, हा तेथील अलिखित शिष्टाचार नसून नियम आहे. १९५२ च्या खाण कायद्यापासून ही परंपरा चालत आली आणि कोळसा खाणींसाठी २०१७ साली नव्याने केलेल्या विनियमांनी ती कायम ठेवली. खुल्या खाणीत अवजड डंपर फिरतात. अशा डंपरच्या चालकाला उंच आसनावरून जवळचा माणूस दिसत नाही. म्हणून अंगावर चमकणारे जाकीट घालण्याची प्रथा तेथे रूढ झाली आहे. खाण हे धोक्याचे ठिकाण आहे, हे एकदा मान्य केल्यावर त्याला अनुरूप पोशाखही मान्य झाला.

दुसरे ठिकाण रेल्वेचे. नागपूर ते नागभीड ही अरुंद मार्गाची गाडी पिढ्यान्‌पिढ्या उमरेडवरून धावली आणि रुंद मार्गाच्या कामासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. त्या चिमुकल्या गाडीची थट्टा आम्हीही पुष्कळ केली आहे. पण तिच्या मार्गावर रूळ बदलण्याचे काम निघाले म्हणजे जो माणूस लाल झेंडी घेऊन उभा राही, त्याची थट्टा करण्याची कोणाची छाती नव्हती. त्याने कामाच्या जागेपासून किती अंतरावर उभे राहावे, झेंडी कोठे रोवावी, त्याच्याही पलीकडे रुळांवर इशाऱ्याचे फटाके किती अंतरावर बसवावे, रात्री कोणत्या रंगाचा दिवा कसा हलवावा, हे सर्व रेल्वेच्या नियमपुस्तकात लिहिलेले असते आणि ते त्याला शिकविलेले असते. रेल्वेने एक गोष्ट फार पूर्वी ओळखली. वेगाने येणारे वाहन माणूस दिसल्यावर थांबत नसते. ते थांबण्यासाठी माणूस पुष्कळ आधी दिसावा लागतो.

तिसरे ठिकाण ह्या दोहोंच्या मधून जाणारा सार्वजनिक रस्ता. खाणीच्या फाटकाच्या आत ज्या मालमोटारीसमोर शिरस्त्राणाशिवाय उभे राहता येत नाही, तीच मालमोटार फाटकाबाहेर आल्यावर तिच्यासमोर दुपट्टा गुंडाळलेला मजूर उभा करण्यास कोणाची हरकत नसते. खाणीत तिचा वेग मर्यादित असतो. रस्त्यावर तो दुपटी-तिपटीने वाढतो. मग धोका फाटकाशी संपला की फाटकापासून सुरू झाला? माणूस तोच, कोळसा तोच, वाहन तेच. बदलला तो फक्त त्या जागेचा मालक. खाणीला धनी आहे, रेल्वेला धनी आहे; रस्ता मात्र सर्वांचा असल्यामुळे त्यावर उभा असलेला मजूर कोणाचाच नाही, असा ह्याचा अर्थ होतो.

आता ह्या मजुरापाशी काय असावे, ह्याचा विचार भावनेने न करता हिशेबाने करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. चालकाच्या डोळ्यांनी अडथळा पाहिला, मेंदूने तो ओळखला आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच अडीच सेकंदांपर्यंत वेळ जाऊ शकतो असे रस्ते-अभियंते गृहीत धरतात. त्यानंतर चाके थांबण्याचे अंतर वेगळे. हे सर्व धरून भारतीय रस्ते काँग्रेसने अशा वाहनाला सुरक्षितपणे थांबण्यासाठी ८० मीटर अंतर लागते असे ठरविले आहे. वेग ८० वर गेला की हे अंतर १२० मीटर होते आणि १०० वर गेला की १८० मीटर. उलट बाजूला पाहा. रात्री मोटारीच्या खाली वळविलेल्या दिव्यांत मळकट, काळसर कपड्यांतला माणूस पुष्कळ वेळा तीस-चाळीस मीटरांवर येईपर्यंत नीट ओळखू येत नाही. म्हणजे चालक कितीही सज्जन असला, निर्व्यसनी असला आणि त्याची गाडी कितीही चांगल्या स्थितीत असली, तरी त्याला तो माणूस दिसेल तेव्हा वेळ टळून गेलेली असेल. अशा अपघाताला आपण दैवगती म्हणतो. आम्ही तिला चुकलेले गणित म्हणू.

ह्या गणिताला उत्तर आहे आणि ते महागही नाही. चमकदार पिवळसर-हिरव्या वा नारिंगी कापडाचे बिनबाह्यांचे जाकीट आणि त्यावर रुंद परावर्ती पट्टे, हे ते उत्तर होय. ह्यातील कापड आणि पट्टे ही दोन वेगळ्या वेळांची कामे करतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण ते न समजल्यामुळे बाजारातील कोणतेही भडक कापड खरेदी करून कर्तव्य केल्याचे समाधान मानले जाते. दिवसा, ढगाळ हवेत आणि विशेषतः कातरवेळी उपयोगी पडते ते कापड. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून ते त्यांचे दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतर करते, म्हणून भोवतालच्या वस्तूंपेक्षा ते अधिक उजळ भासते. पण काळोखात अतिनील किरण नसतात आणि ह्या कापडाची मात्रा चालत नाही. तेथे पट्टे कामास येतात. त्यांत काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक बसविलेले असतात आणि ते दिव्याचा प्रकाश इकडेतिकडे न विखुरता आला त्याच दिशेने, म्हणजे चालकाच्याच डोळ्यांकडे, परत पाठवितात. त्यामुळे जो माणूस तीस मीटरांवर छायेसारखा वाटतो, त्याचे पट्टे दीडशे मीटरांवरून लखलखतात. तीस आणि दीडशे ह्यांच्या मध्ये जे अंतर आहे, तेच जीवन आणि मरण ह्यांच्या मधले अंतर आहे.

ज्या लाल फडक्यावर आपली सगळी भिस्त आहे, त्याचा येथेच आणखी एक दोष सांगितला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की उजेड मंदावू लागला म्हणजे आपल्या डोळ्यांना तांबडा रंग सर्वांत आधी काळा दिसू लागतो. निळे-हिरवे रंग त्या मानाने अधिक काळ टिकतात. बागेतील जास्वंद आणि तिची पाने संध्याकाळी पाहत बसलेल्या कोणालाही ह्याचा पडताळा येईल. दिवेलागणीच्या सुमारास, जेव्हा शेतावरून परतणाऱ्या बैलबंड्या आणि नागपूरहून परतणाऱ्या मोटारी एकाच वेळी रस्त्यावर असतात, नेमक्या त्याच घटकेला हे लाल फडके काळे पडते. मजूर ते जीव तोडून हलवीत असतो आणि समोरच्याला ते दिसत नसते!

पाश्चात्य देशांनीही हा धडा ठेच लागल्यावरच घेतला. ब्रिटनमध्ये १८६५ साली असा कायदा झाला होता की वाफेच्या गाडीपुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे. निशाण होते ते वाहनापासून इतरांना वाचविण्यासाठी. ते धरणाऱ्याला कोणी वाचवावे हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नाही. सुचण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९६४ साली स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरातील विजेच्या रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या मजुरांना नारिंगी चमकदार जाकिटे प्रयोगादाखल देण्यात आली आणि त्यांचा उपयोग दिसून आल्यावर ती प्रथा पसरत गेली. आज आपल्याकडेही अशा कपड्यांसाठी स्वतंत्र भारतीय मानक आहे. त्याचा क्रमांक १५८०९. त्याचप्रमाणे कारखान्यातील शिरस्त्राणासाठी २९२५ आणि संरक्षक बुटांसाठी १५२९८ ही मानके आहेत. सारांश, काय द्यावे हे ठरविण्यासाठी नवी समिती नेमण्याची आवश्यकता नाही. मानके तयार आहेत. ती अंगावर चढविणेच तेवढे उरले आहे.

जाकिटाबरोबर दुसऱ्या काही वस्तूही अत्यावश्यक आहेत. फडक्याच्या जागी एका बाजूस "थांबा" आणि दुसऱ्या बाजूस "हळू" असे लिहिलेली, परावर्ती रंगाची, दांड्यावरील पाटी हवी. फडके वाऱ्यावर कसेही हलते आणि त्याचा अर्थ प्रत्येक चालक आपल्या सोयीने लावतो, पाटीचा अर्थ एकच असतो. रात्रीसाठी लाल प्रकाशाची हातबत्ती हवी. शिट्टी हवी, ती आपल्या बचावासाठी नव्हे, तर मागे पाठ करून काम करणाऱ्या सोबत्यांना सावध करण्यासाठी. रस्त्याचे वळण वा चढ ह्यांमुळे दोन टोकांचे दोघे एकमेकांना दिसत नसतील तर त्यांच्याजवळ बोलण्याचे यंत्र हवे. नाहीतर दोघेही एकाच वेळी आपापल्या बाजूची वाहने सोडतात आणि पुढचे सांगण्याची गरज नाही. पायांत बूट हवेत, कारण डांबरमिश्रित गिट्टी पसरताना तिचे उष्णतामान दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि रबरी चपलेला त्यापुढे काही अर्थ नाही. धुळीसाठी नाकातोंडावर मुखपट्टी हवी. डोक्याला शिरस्त्राण हवे. आणि ते दुचाकीचे जुने, पट्टा तुटलेले नव्हे, कामगारांसाठीच बनविलेले हवे.

येथे आमच्या विदर्भाच्या हवेचा विचार टाळून चालणार नाही. मुंबईच्या वा दिल्लीच्या कचेरीत बसून केलेले नियम नवतपाच्या उन्हात वितळतात. नागपूरच्या वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. असे ऊन डोक्यावर घेऊन, खाली तापलेले डांबर आणि अंगावर हवा न खेळणारे जाड कापड, अशा अवस्थेत माणूस दुपारी किती वेळ उभा राहील? तो जाकीट काढून झुडपावर टाकील आणि खिशातल्या कांद्यावर विश्वास ठेवील, आणि मग साहेब म्हणतील, "आम्ही तर दिले होते, हेच लोक वापरीत नाहीत." ह्या तक्रारीत तथ्य आहे, पण दोष चुकीच्या माणसाला दिलेला आहे. जे साधन अंगावर सहन होत नाही ते साधन नसून देखावा होय. म्हणून येथे जाळीदार कापडाचेच जाकीट हवे, शिरस्त्राणाला मानेवर पडणारी झालर हवी, उभे राहण्याच्या जागी सावली हवी, पिण्याचे पाणी हाताशी हवे आणि थोड्या थोड्या वेळाने जागा बदलून देणारा दुसरा माणूस हवा. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आलेला माणूस कितीही चमकत असला तरी तो वाहनांना योग्य इशारा देऊ शकत नाही.

शहरातील चौकांत उभे राहणारे वाहतूक पोलीस आणि गृहरक्षक दलाचे जवान हे ह्या मजुराचेच सखे भाऊ आहेत. त्यांना गणवेश आहे, शिट्टी आहे, मागे कायद्याचे बळ आहे. तरीही धूर, कर्कश भोंगे आणि ऊन त्यांनाही चुकत नाही. गेल्या काही उन्हाळ्यांत नागपूरच्या चौकांवर हिरव्या जाळ्या ताणून थांबणाऱ्या वाहनचालकांना सावली देण्यात आली, ही उत्तम गोष्ट झाली. दोन मिनिटे थांबणाऱ्याला जी सावली मिळाली, ती आठ तास उभ्या राहणाऱ्यालाही मिळावी, एवढे म्हणण्यात आम्ही काही अधिक मागत आहोत असे आम्हांस वाटत नाही.

आता प्रश्न असा की, साधने ठाऊक असून, मानके असून, ती मजुरापर्यंत पोचत का नाहीत? मुकादम निर्दय आहे म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु आमच्या मते मूळ दोष कागदावर आहे. आपल्या देशातील रस्त्यांच्या विचाराशी महाराष्ट्राचा आणि नागपूरचा संबंध फार जुना आहे. १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्या समितीच्या विचारांतूनच पुढे १९३४ साली भारतीय रस्ते काँग्रेस जन्मास आली. १९४३ साली देशातील मुख्य अभियंते ह्याच नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची जी योजना आखली तिला आजही "नागपूर योजना" म्हणूनच ओळखतात. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग ही वर्गवारी त्या योजनेने रूढ केली आणि दर शंभर चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता असावा असे उद्दिष्ट ठेवले. रस्ता किती असावा ह्याचा हिशेब ज्या शहरात मांडला गेला, त्याच शहराच्या वेशीबाहेर रस्ता करणाऱ्याच्या जिवाचा हिशेब राहून जावा, हे शोभादायक नाही.

त्याच रस्ते काँग्रेसने बांधकामाच्या जागी वाहतुकीची व्यवस्था कशी ठेवावी, ह्यावर एक स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे. तिची सुधारलेली आवृत्ती २०१४ ची आहे. कामाच्या किती अलीकडे फलक लावावे, शंकू कसे मांडावे, झेंडीवाल्याने कोठे उभे राहावे, अंगावर काय घालावे, हे त्या पुस्तकात आहे. परंतु पुस्तकात असणे वेगळे आणि देयकात असणे वेगळे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या ज्या प्रमाण विनिर्देशांनुसार कामे चालत आली, त्यांच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतील ११२ वे कलम पाहा. वाहतूक एका बाजूने चालवायची असेल तर दोन्ही टोकांना झेंडीवाले असावेत, त्यांच्याजवळ लाल-हिरव्या झेंड्या आणि कंदील असावेत, असे तेथे सांगितले आहे. हे योग्यच आहे. मात्र त्याच कलमाच्या शेवटी ह्या सर्व व्यवस्थेला कामाची "आनुषंगिक" बाब मानून तिचा वेगळा मोबदला न देता ती कंत्राटदाराच्या माथी ठेवली आहे. खडीचे घनमीटर मोजतात, डांबराचे टन मोजतात, पांढऱ्या पट्ट्यांचे चौरस मीटर मोजतात आणि प्रत्येकाचे पैसे मिळतात. झेंडीवाल्याचे जाकीट तेवढे मोजमापाबाहेर राहते. व्यवहाराचा साधा नियम असा की जे मोजले जाते तेच दिले जाते. सर्वांत कमी दराची निविदा भरून काम मिळविणारा कंत्राटदार कोठे हात आखडील? जेथे मोजणारा नाही तेथेच. आणि जो प्रामाणिक कंत्राटदार ही साधने स्वखर्चाने देतो, तो आपल्या प्रामाणिकपणाचा दंडच भरतो.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य सूचना अशी की, प्रत्येक निविदेत वाहतूक-सुरक्षेच्या साधनांची स्वतंत्र, मोजता येणारी बाब असावी: इतकी जाकिटे, इतके बूट, इतक्या पाट्या, इतके शंकू, इतक्या बत्त्या, इतके प्रशिक्षित झेंडीवाले, त्यांचा दर ठरलेला असावा आणि तो निविदेच्या स्पर्धेत कमी करता येऊ नये. साधन जागेवर दिसले तर पैसे, न दिसले तर पैसे नाहीत आणि वर दंड. मोजणी-वहीत डांबराच्या थराची जाडी लिहिणाऱ्या अभियंत्याने त्याच पानावर झेंडीवाल्याच्या अंगावरील जाकिटाचीही नोंद करावी. ह्यासाठी लागणारा खर्च किती? एक चांगले जाकीट काही शे रुपयांत मिळते आणि एका किलोमीटरच्या चौपदरी रस्त्याला कोट्यवधी रुपये लागतात. ह्या दोन आकड्यांचे गुणोत्तर काढण्यासाठी गणिताच्या पदवीची आवश्यकता नाही.

कायद्याचा आधार नाही असेही नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. पुढे व्यावसायिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेने तो आपल्यात सामावून घेतला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९८-अ ह्या कलमाने, रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरविलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर संबंधित अधिकारी संस्था, कंत्राटदार व सल्लागार ह्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. पण दंड हा माणूस गेल्यानंतरचा उपाय आहे. आम्हांला हवा आहे तो माणूस असतानाचा.

२०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या दिवशी समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूरजवळ तुळई उचलणारे अवजड यंत्र कोसळून वीस जण ठार झाले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला आणि चौकशीची मागणी झाली. ते उचितच होते. पण झेंडीवाला मरतो तो एकटा. त्याच्यासाठी मंत्री येत नाहीत, शोकसभा होत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर "वाहनाच्या धडकेने मजूर ठार" अशा चार ओळी येतात, आणि त्या छापणाऱ्यांत आम्हीही आहोत, हे कबूल केले पाहिजे. तो मजूर रस्ता ओलांडीत होता की रस्ता सांभाळीत होता, हे त्या ओळींवरून कळत नाही. ह्यापुढे निदान आमच्या पत्रात हा भेद स्पष्ट नोंदविला जाईल, असे आश्वासन आम्ही वाचकांना देतो. कोणाची नोंद होत नाही त्याची किंमतही होत नाही, हे आम्ही दुसऱ्यांना सांगत असताना आपले घर आधी झाडून घेणे प्राप्त आहे.

एक आक्षेप असा येईल की, जाकीट घातल्याने भरधाव, मद्यधुंद चालक थांबणार आहे काय? नाही थांबणार. जाकीट हे चिलखत नव्हे. म्हणूनच जाकिटाला आम्ही सर्व व्यवस्थेतील शेवटची कडी समजतो. तिच्या आधी दूरवरचे फलक, वेग कमी करणारे शंकू, झेंडीवाल्याला क्षणात बाजूला होता येईल अशी मोकळी कड, आणि त्याच्या व वाहनाच्या मध्ये काहीतरी भक्कम अडसर, ह्या कड्या हव्यात. परंतु शेवटची कडी पुरेशी नाही म्हणून ती तोडून टाकावी, हे तर्कशास्त्र आम्हांस मान्य नाही. छत्रीने पूर थांबत नाही. तरी पावसात आपण छत्री घेतोच.

दुसरी सूचना प्रशिक्षणाची. वाहतूक थांबविणे हे कसब आहे. कोठे उभे राहावे, पाठ कोणत्या दिशेला नसावी, पहिले वाहन थांबल्यावर जागा कशी बदलावी, सुटकेची वाट कोणती, हे एका दिवसात शिकविता येते. असे शिकलेल्या माणसालाच, मग तो पुरुष असो वा स्त्री, ओळखपत्र देऊन हे काम द्यावे आणि त्याची मजुरी साध्या मजुरापेक्षा काही अधिक असावी. उमरेडच्या आसपास खाणींत सुरक्षेचे शिक्षण देण्याघेण्याचा अनुभव असलेली माणसे आहेत, रेल्वेतील निवृत्त माणसे आहेत. सार्वजनिक बांधकाम खात्याने आणि महामार्ग विभागाने त्यांचा लाभ घेऊन पहिला वर्ग ह्याच गावी भरवावा. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे हा विषय यावा, असे आम्ही जिल्हाधिकाऱ्यांस सुचवितो.

तिसरी सूचना आमच्या वाचकांसाठी, म्हणजे पर्यायाने आमच्यासाठीही आहे. आपण मोटारीत बसलेली माणसे रस्त्यावरील मजुराकडे अडथळा म्हणून पाहतो. त्याने हात वर केला की आपण घड्याळ पाहतो, भोंगा वाजवितो आणि काच खाली करून दोन शब्दही ऐकवितो. कऱ्हांडल्याच्या जंगलात वाघ दिसावा म्हणून आपण तासन्‌तास श्वास रोखून थांबतो. त्याच वाटेवर एक माणूस दिसला म्हणून पाच मिनिटे थांबणे आपल्याला जड जाते. सुरक्षेची साधने सरकार देईल, कंत्राटदार देईल. पण झेंडीला मान देण्याचे काम चालकाचेच आहे. ते कोणत्याही निविदेत लिहिता येणार नाही.

पहाटेचे धुके आता उमरेडच्या वाटेवर उतरू लागेल. त्या धुक्यात कोठेतरी एक माणूस हातात काठी घेऊन उभा असेल. त्याला मागचे काम पुरे होईपर्यंत जागा सोडता येणार नाही. त्याने आपल्याला थांबवावे, अशी आपली अपेक्षा आहे. तर मग त्याआधी तो आपल्याला दिसावा, एवढी व्यवस्था करणे हे आपले कर्तव्य ठरते. हा हंगाम संपण्यापूर्वी, निदान एका रस्त्यावर तरी, हे कर्तव्य पार पडलेले पाहावे, अशी आमची इच्छा आहे. आणि तो रस्ता उमरेडचा असावा.